सीएनए आणि अमेरिकेचा इतिहास एकाच सेमिस्टरला: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा वापरानंतरचा अनुभव

पंधरा विद्यार्थ्यांच्या तुकडीला शिकवणीचा स्टेथोस्कोप एकच. एक चकती आणि कानात घालायच्या दोन जोड्या असलेला, ज्यातून शिकणारा आणि शिकवणारा तेच ठोके एकाच वेळी ऐकतात, तो. सीएनएच्या (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सच्या हाताखाली रुग्णांची देखभाल करणारा मदतनीस) कोर्सबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. शिकवणाऱ्या नर्स अनुभवी आहेत, फी अगदी कमी आहे, पण या एका वस्तूवाचून ब्लड प्रेशरची परीक्षा विनाकारण अवघड होऊन बसते. आणि ही वस्तू ऑनलाइन पंचवीस-तीस डॉलरला मिळते. कॉलेजचं नाव देत नाही, कारण नाव घेऊन भांडण्यापेक्षा पुढच्या माणसाची सोय झालेली बरी.

फीचा हिशेब बहुतेकांना ठाऊक असेल. रहिवाशांना युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर. सहा युनिटांचं सीएनए २७६ ला, तीन युनिटांचा इतिहास १३८ ला. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलात तरी कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं, मात्र सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे लागतात: भाड्याचा करार, राज्याचा टॅक्स रिटर्न, लायसन्स. ते नसतील तर अनिवासी दर लागतो आणि सगळं गणितच बदलतं. वरचा खर्च वेगळा धरा. लाइव्ह स्कॅनचे बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, हेपटायटिस बी आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसींचे पुरावे, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षण) कार्ड, स्क्रब्ज (दवाखान्यातला गणवेश), सेकंदकाट्याचं घड्याळ, शेवटी राज्याच्या परीक्षेची फी. लसीकरणाची भारतातली वही जपून ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर रक्ताची टायटर तपासणी (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी) करून घ्यावी लागते आणि निकाल यायला वेळ जातो, म्हणून हे काम प्रवेशाआधीच उरकावं.

आता ब्लड प्रेशर. राज्याच्या प्रात्यक्षिकात पाच कौशल्यं करून दाखवायची असतात. हात धुणं सगळ्यांना असतंच, आणि एखादं कौशल्य मोजमापाचं येतं. नाडी आली तर परीक्षकाच्या आकड्याच्या चार ठोके अलीकडे-पलीकडे चालतं. लघवीचं माप आलं तर २५ मिलिलिटरची सूट असते. भांडं सपाट जागी ठेवून डोळे त्या रेषेच्या पातळीला आणून वाचलं की झालं. ब्लड प्रेशरला मात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे परीक्षकाच्या आकड्यांपासून ८ मिमीच्या (पाऱ्याच्या) आत यावे लागतात, आणि परीक्षक त्याच वेळी त्या दुहेरी स्टेथोस्कोपमधून ऐकत असतो.

गोम इथेच आहे. वर्गात सराव साध्या स्टेथोस्कोपने होतो. आधी विद्यार्थी मोजतो, मग इन्स्ट्रक्टर पुन्हा मोजते. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत समोरच्याचं प्रेशरच आठ-दहाने खालीवर झालेलं असू शकतं. आकडे जुळले नाहीत तर चूक ऐकण्यात होती की प्रेशरच बदललं, हे कुणालाच सांगता येत नाही. एकाच ठोक्यावर दोघांनी बोट वर करायचं, असा सराव झाला तर दहा मिनिटांत कळतं की आपण पहिला ठोका उशिरा पकडतो का. दोघी-तिघींनी मिळून वर्गणी काढून हा स्टेथोस्कोप विकत घ्यावा, हा माझा पहिला सल्ला.

बाकी चुका ठरलेल्या. कफ (दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा) लहान पडला की आकडा खोटा वर जातो. आतल्या रबरी पिशवीने दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापायला हवा. कफ बाहीवरून बांधू नये. कफवरचा बाण कोपराच्या आतल्या बाजूच्या धमनीवर यायला हवा, त्यासाठी आधी बोटांनी धमनी चाचपायची. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. उलटी घातली तर ठोके इतके बारीक येतात की खोली गोंगाटाची आहे असंच वाटतं. नाडी लागायची थांबते त्याच्या वर ३० मिमीपर्यंत फुगवायचं आणि सेकंदाला दोन-तीन मिमी याप्रमाणे हवा सोडायची. घाईने स्क्रू जास्त उघडला की काटा दोन ठोक्यांमध्ये दहा मिमी घसरतो. आठची सूट तिथेच संपली. डायलवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणून आकडा समच लिहायचा. ११७ लिहिलात तर परीक्षकाला कळतं की अंदाज मारलाय. आणि लिहिण्याआधी हात धुवायचे, मदतीला बोलावायची बेल रुग्णाच्या हाताशी ठेवायची. ही शेवटची पायरी सुटल्यामुळे अचूक आकडा येऊनही गुण जातात.

उरलेल्या कोर्सबद्दल थोडक्यात. कॅलिफोर्नियात ६० तास थिअरी आणि १०० तास क्लिनिकल (म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांपाशी काम), केंद्राच्या किमान ७५ तासांच्या दुपटीहून जास्त. तास कायद्याने ठरलेले असल्यामुळे गैरहजेरी कुणी माफ करू शकत नाही, भरूनच काढावी लागते. क्लिनिकल वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये असतं आणि कामाचा खरा वेळ आंघोळ, कपडे बदलणं, भरवणं, कूस बदलणं यात जातो. लकवा झालेल्याचा शर्ट घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला हात, हे इतकं घोटून घेतात की झोपेतही चुकणार नाही. हा भाग अतिशय चांगला शिकवतात.

इतिहासाबद्दल मात्र मत बदलत गेलं. आधी तो केवळ डिग्रीच्या यादीतली एक चौकट वाटत होता: १८६५ नंतरची अमेरिका, आठवड्याला तीन तास वर्ग, घरी सहा तास वाचन. पाठ्यपुस्तक ओपनस्टॅक्सचं, फुकट. (वेळापत्रकात मोफत साहित्याच्या वर्गांपुढे खूण असते, तीच लावून वर्ग शोधावा.) चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दोन्ही विषय एकमेकांत शिरू लागले. सीएनएमध्ये पहिल्याच धड्याला रेसिडेंटचे, म्हणजे नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांचे, हक्क पाठ करून घेतात: सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधून ठेवायचं नाही, पत्र उघडायचं नाही, दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. रेसिडेंटला हात लावण्याआधी या आणि अशा विषयांचे १६ तास व्हावेच लागतात. हे सगळं आलं ते १९८७ च्या केंद्रीय कायद्यातून. १९६५ मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा) आलं, सरकारी पैसा नर्सिंग होमांकडे वाहू लागला, पण देखरेख मागे राहिली. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला बांधून ठेवणं ही रोजची रीत होती. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला आणि दुसऱ्याच वर्षी कायदा झाला. तो माहीत असला की दार वाजवणं ही शिष्टाचाराची बाब उरत नाही. तो हक्क आहे, आणि कुणाचे तरी हाल झाल्यावर मिळालेला आहे.

इतिहासाच्या वर्गाची उणीव अशी की गाडी १९८० च्या पुढे जाईपर्यंत सेमिस्टर संपतं. १९८७ चा कायदा पुस्तकात शोधून सापडत नाही. मेडिकेअरला एखादा परिच्छेद मिळतो आणि त्यातही सगळ्यात मोठी गोष्ट सुटते: १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे, मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर काळ्या-गोऱ्या रुग्णांचे वेगळे वॉर्ड बंद करणं दक्षिणेतल्या हॉस्पिटलांना भाग पडलं. निबंधाचा विषय निवडायची मोकळीक असते, तेव्हा हे विषय स्वतः उचलावेत.

मराठी माणसाला तर तयार विषय हाताशी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजची कागदपत्रं आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत, आणि नऊवारीतल्या आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली बसल्या आहेत तो १८८५ चा फोटो ऑनलाइन बघता येतो. प्राथमिक साधनावरच्या निबंधात नुसतं कौतुक लिहिलं तर गुण मिळत नाहीत. ज्या देशात एका देशाच्या मजुरांना दार बंद होत होतं, तिथे परदेशी बायकांना वैद्यकीय कॉलेज दार का उघडतं, असा प्रश्न धरून मिशनरी आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची चळवळ तपासली, तर इन्स्ट्रक्टर मनापासून वाचतात.

दोन्ही एकत्र घ्यायचे तर इतिहास पूर्ण सेमिस्टरचा घ्यावा. आठ आठवड्यांच्या आवृत्तीत वाचन दुप्पट होतं, आणि पहाटे उठून क्लिनिकल केल्यावर रात्री चर्चेच्या पोस्ट लिहिणं जमत नाही. वर्ग पटला नाही तर परतावा मिळायची मुदत पहिल्या दोनेक आठवड्यांतच संपते, हे ध्यानात ठेवावं.

पुढे आरएन (रजिस्टर्ड नर्स) करायचं असेल त्यांनी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी लॅबसकट इथेच करायची तयारी ठेवावी. भारतातल्या बीएस्सीचं मूल्यांकन नॅसेस-सदस्य (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेतल्या) संस्थेकडून करून घेतलं तरी लॅबच्या युनिटांवर गाडी अडते, आणि बऱ्याच ठिकाणी विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. दोन वर्षांची नर्सिंगची डिग्री कमी दर्जाची, असा समज आपल्याकडे आहे, तो सोडावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नर्सच्या टंचाईत नर्सिंगच्या शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी तिचा प्रयोग सुरू झाला. आज एनसीएलईएक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा दोन वर्षांवाल्यांना आणि चार वर्षांवाल्यांना एकच असते.

शेवटी एच-४ वाल्यांसाठी, कारण हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. क्लिनिकल बिनपगारी आणि कोर्सचा भाग असल्यामुळे ईएडीशिवाय (नोकरीच्या परवान्याशिवाय) करता येतं, परीक्षाही देता येते. पण सलग २४ महिने पगारी नर्सिंग-सेवा झाली नाही तर केंद्रीय नियमाने पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि स्वयंसेवा त्यात धरत नाहीत. म्हणून जोडीदाराचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन ईएडी जवळ आलं असेल तेव्हाच सीएनए घ्यावं. त्याला अवकाश असेल तर आधी इतिहास, इंग्रजी आणि ॲनाटॉमी उरकावेत. इतिहास आणि इंग्रजीच्या युनिटांना तरी अशी मुदत सहसा लागत नाही.