कबड्डी रद्द, तिकिटाचे पैसे आले, फी मात्र अडकली

पाचपैकी दोन स्टार. तिकिटाच्या अ‍ॅपचं नाव घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात कबड्डीचे प्रदर्शनी सामने होते. नातू शाळेच्या संघात चढाई करतो, म्हणून मी चार तिकिटं काढली. एक माझं, एक त्याचं, दोन शेजारच्या पोट्ट्यांची. तिकीट 600 रुपयांचं, म्हणजे 2400 झाले. त्यावर कन्व्हिनियन्स फी 180 आणि फीवरचा 18 टक्के जीएसटी 32 रुपये 40 पैसे. एकूण 2612 रुपये 40 पैसे. सामन्याच्या दिवशी दुपारी पावणेतीनला मेसेज आला, ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द.’ संध्याकाळी तिन्ही पोरं बूट घालून माझ्या फाटकाशी उभी होती.

मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गणेशपेठ स्थानकावरून काटोल, उमरेड, भिवापूर. सुट्टे नसले की बाकी पैसे तिकिटाच्या मागे लिहून द्यायचे आणि प्रवासी उतरायच्या आधी हिशेब पुरा करायचा. पाचगावजवळ गाडी बंद पडली तर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवून द्यायचं. गाडी बिघडली यात प्रवाशाचा काय दोष? शेजारच्या दोन्ही पोरांनी मला रोख पैसे दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी जाऊन फीसकट 653 रुपये 10 पैशांच्या हिशेबाने प्रत्येकाला 653 रुपये परत केले, वरचे 10 पैसे सुट्टे नव्हते म्हणून दोघांना एकेक चॉकलेट. अ‍ॅपकडून येतील तेव्हा येतील, लेकरांना काहून थांबवायचं?

खेळ झालाच नाही आणि खेळ कमी झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. 23 सप्टेंबर 2022 ला जामठ्यात भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटीला मी मुलासोबत होतो. मैदान ओलं. सातचा सामना साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. रोहितने 20 चेंडूंत नाबाद 46 केले, कार्तिकने शेवटच्या षटकात एक षटकार, एक चौकार मारून संपवलं. परत यायला मध्यरात्र उलटली, पण पैसे मागायचा विचारही मनात आला नाही. क्रिकेटच्या तिकिटांवर साधारण हाच नियम असतो, चेंडू पडला की पैसे परत नाहीत. 17 मे 2025 ला बंगळुरूचा आयपीएल सामना एकही चेंडू न पडता पावसात गेला, तेव्हा तिकीटधारकांना परतावा जाहीर झाला. आमच्या कबड्डीत तर मॅटवर पायही पडला नाही.

अ‍ॅपवर चौथ्या दिवशी ‘रिफंड प्रोसेस्ड’ दिसलं. बँकेत काही नाही. कस्टमर केअरवाला रोज म्हणे, सर, आणखी 48 तास. सातव्या दिवशी मी बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, काका, त्यांच्याकडून आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा, 12 आकडी असतो, त्याशिवाय आम्हाला शोधता येत नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. ‘प्रोसेस्ड’ म्हणजे त्यांनी पाठवले असं ते म्हणतात, तुमच्या खात्यात आले असं नाही. मी फोनवर आरआरएन मागितला तेव्हा पलीकडचा माणूस जरा थांबला, मग ‘बघतो’ म्हणाला. नंबर दोन दिवसांनी आला, आणि त्यावरून कळलं की पैसे त्यांच्याकडून आदल्याच दिवशी निघाले होते. अकराव्या दिवशी 2400 जमा झाले. यूपीआयने दिले होते, त्याच खात्यात आले. तेवढ्यासाठी दोन स्टार.

राहिले 212 रुपये 40 पैसे. उत्तर आलं, ‘फी नॉन-रिफंडेबल आहे.’ मी स्वतः तिकीट रद्द केलं असतं तर एक शब्द बोललो नसतो. पण रद्द आयोजकांनी केलं. कसली सोय दिली म्हणून सोयीची फी ठेवून घेता? तिकीट काढताना ही अट बारीक अक्षरात सगळ्यात खाली होती. तुम्ही काढाल तेव्हा आधी ‘कॅन्सलेशन’चं पान उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका.

आता मी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. तिथे मराठीत बोलता येतं, बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि डॉकेट नंबर दिला. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. कागद मी फाइलला लावून ठेवले आहेत. तिकिटं, रद्दचा मेसेज, आरआरएन, बँकेचं स्टेटमेंट.

नातू विचारतो, आबाजी, एवढ्या पैशांसाठी इतकं? मी त्याला माझं जुनं तिकीट दाखवलं, मागे पेनाने ‘बाकी 3 रु.’ लिहिलेलं. प्रवासी उमरेडला घाईत उतरून गेला होता. आठवड्याने त्याच गाडीत भेटला तेव्हा मी त्याला पैसे दिले आणि तिकीट ठेवून घेतलं. फीचं काय झालं ते इथेच लिहीन.