युनिटी, अनरियल की गोडॉट: खेळाचा सर्व्हर आपल्या मर्जीचा हवा असेल तर

आयटी पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे खाता खाता शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांनी विचारलं, "दादा, आम्ही तान्ह्या पोळ्यावर मल्टिप्लेअर गेम करून राहिलो. इंजिन कोणतं घ्यावं?" (तान्हा पोळा म्हणजे विदर्भातल्या मुलांचा लाकडी बैलांचा सण; इंजिन म्हणजे खेळ बनवायचं तयार सॉफ्टवेअर, आणि युनिटी, अनरियल, गोडॉट ही त्यातली तीन.) ग्राफिक्स, शिकायला सोपं काय, असेट स्टोअर (तयार चित्रं-साधनांचं दुकान), हे सगळं त्यांनी आधीच ताडून पाहिलं होतं. परवाना, म्हणजे इंजिन वापरायच्या अटी, मात्र उघडलाच नव्हता. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मल्टिप्लेअर म्हणजे अर्धा खेळ खेळणाऱ्याच्या फोनवर आणि अर्धा भाड्याच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर कुणाकडून घ्यायचा, यात इंजिनवाल्याने हात घातला तर काय होतं, ते २०१९ मध्ये दिसलं आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये युनिटीने आपल्या अटी बदलल्या. युनिटीत बनवलेला खेळ दुसऱ्या कंपनीच्या क्लाउड सेवेत चालवायला वेगळी परवानगी लागेल, असा नव्या कलमाचा अर्थ निघत होता. १० जानेवारी २०१९ ला लंडनच्या इम्प्रॉबेबल कंपनीने जाहीर केलं की मल्टिप्लेअर खेळ क्लाउडवर चालवणाऱ्या तिच्या स्पेशिअलओएस सेवेवरचे युनिटीतले सगळे खेळ आता अटीभंगात आलेत. युनिटीचं उत्तर असं, की वाद त्या कंपनीशी आहे आणि तिला वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं. स्वतःच्या किंवा साध्या भाड्याच्या क्लाउड मशीनवर सर्व्हर चालवणाऱ्यांना अडचण नाही. अनरियल बनवणाऱ्या एपिकने लगेच इम्प्रॉबेबलसोबत २.५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, दुसऱ्या इंजिनकडे वळणाऱ्यांसाठी. १६ जानेवारीला युनिटीने कलम मागे घेतलं: कोणतीही बाहेरची सेवा वापरा, आणि हातातल्या आवृत्तीच्या अटी त्या आवृत्तीपुरत्या कायम राहतील.

सहा दिवसांत सगळं निवळलं, हे खरं. पण त्या सहा दिवसांत ज्यांचा खेळ बाजारात होता, त्यांनी ना ते कलम लिहिलं होतं ना मोडलं होतं.

आता युनिटीचंच आधी घेतो, कारण आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मोबाइलसाठी ते आजही भक्कम आहे, त्याची सी-शार्प ही प्रोग्रामिंग भाषा येणारी मुलं नागपुरात सहज मिळतात, आणि वर्षाची कमाई किंवा उभारलेला निधी २ लाख डॉलरच्या आत असेल तर पर्सनल परवाना फुकट. त्यापुढे प्रो घ्यावं लागतं. अडचण किमतीची नाही, भरवशाची आहे. १२ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, तेही आधीच बाजारात असलेल्या खेळांना धरून. गदारोळ झाल्यावर दहा दिवसांत ते सौम्य केलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांसाठी पूर्ण रद्द केलं. दोन्ही वेळा माघार घेतली, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण जो एकदा नव्हे, दोनदा अटी फिरवतो, त्याच्यावर तीन वर्षांचा प्रकल्प उभा करताना मी डोळे उघडे ठेवीन.

अनरियलच्या करारात मला एक कलम मनापासून आवडतं: नव्या अटी मान्य नसतील तर घेऊ नका, तुमच्याकडच्या आवृत्तीला जुना करारच लागू राहील. इंजिनचा सोर्सकोडही पाहायला मिळतो. एका खेळाची एकूण कमाई १० लाख डॉलरवर गेली की पुढच्या कमाईवर ५ टक्के रॉयल्टी. सुरुवातीच्या टीमला तो आकडा लांबचा आहे. पण लाकडी बैलांच्या शर्यतीसाठी अनरियल जड पडतं. साध्या लॅपटॉपवर शेडर (पडद्यावरचं दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होईपर्यंत चहा थंड होतो, आणि स्वस्त फोनवर खेळ हलका ठेवायला वेगळी मेहनत लागते. थ्रीडी आणि पीसी हे लक्ष्य असेल तरच इकडे वळा.

गोडॉट एमआयटी या मोकळ्या, मुक्त परवान्यावर आहे, २०१४ पासून. खेळासोबत परवान्याचा मजकूर द्यायचा, एवढीच अट. रॉयल्टी नाही, कमाईची मर्यादा नाही, सर्व्हर कुठे ठेवायचा याबद्दल एक शब्द नाही. उद्या परवाना बदलला तरी आज बाहेर आलेली आवृत्ती आजच्याच परवान्यावर राहते. मी स्वतः मुंबईतल्या एक जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवर हेडलेस बिल्ड (पडद्याशिवाय चालणारी खेळाची आवृत्ती) चढवून नागपुरात धरमपेठेत घरी बसून दोन फोन जोडले. एका फोनवर बैल पुढे सरकवला, दुसऱ्यावर तो तसाच सरकला. त्यासाठी कुणाचं खातं उघडावं लागलं नाही. उणीव कुठे आहे तेही सांगतो: कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या यंत्रावर) खेळ न्यायचा तर बाहेरच्या पोर्टिंग कंपनीला पैसे मोजावे लागतात, गोडॉट ४ मध्ये सी-शार्पचा खेळ ब्राउझरसाठी काढता येत नाही, आणि तयार प्लगइनचा साठा युनिटीच्या तुलनेत तोकडा आहे.

इंजिनपाठोपाठ सर्व्हरवरची साधनंही तपासा. लॉगिन, मॅचमेकिंगसाठी (खेळाडूंच्या जोड्या लावायला) नाकामा हे सर्व्हर-सॉफ्टवेअर अपाचे या मुक्त परवान्यावर मिळतं आणि स्वतःच्या मशीनवर चालतं. त्याखाली डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घ्या. तिथे कॉक्रोचडीबी हा दुसरा डेटाबेसही चालतो, पण त्याचा परवाना २०१९ आणि २०२४ असा दोनदा आवळला गेला. रेडिससारखी कॅश (माहिती पटकन हाताशी ठेवणारा साठा) लागली तर व्हॅल्की बघा; मार्च २०२४ मध्ये रेडिसने क्लाउड कंपन्यांना रोखणारा परवाना आणल्यावर जुन्या कोडवरूनच ते निघालं. रेडिस २०२५ मध्ये पुन्हा एजीपीएल या मुक्त परवान्यावरही मिळू लागलं, तरी नव्याने सुरू करताना मी व्हॅल्कीच घेईन.

त्या दोघांना मी गोडॉट सांगितलं, कारण खेळ टूडी आहे, फोनसाठी आहे आणि खिशात पैसा नाही. ज्यांचा खेळ युनिटीत निम्मा झाला आहे त्यांनी तो मोडू नये. एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती ठरवून तिथेच थांबावं, आणि त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ तारखेसह प्रकल्पाच्या गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावी.