लोणीपुढची नर्सरी आणि माझा बिनपानांचा मोगरा

जानेवारीच्या शेवटी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आले आणि मग मला घरी चैन पडेना. माझी गॅलरी पूर्वेची, कुंड्या चौदा आणि बागकामाचं हे दुसरंच वर्ष. पुढच्या रविवारी सकाळीच ह्यांना घेऊन सोलापूर रस्त्याला लागले. हडपसर सोडलं की उरुळी कांचनपर्यंत दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. आम्ही लोणी काळभोरच्या थोडं पुढे, हिरव्या नेटखालच्या एका लहानशा नर्सरीत शिरलो.

पिटुनिया, डायनथस, फ्लॉक्सची रोपं पंचवीस रुपयांना एक. शहरातल्यापेक्षा स्वस्त, आणि मुख्य म्हणजे ठेंगणी, दाट फुटलेली. मी मात्र फुलांनी लगडलेला मोगरा शोधत होते. तिथले माळीमामा म्हणाले, "ताई, माघात फुललेला मोगरा कशाला शोधता? हा न्या." हातात दिलं ते पानं ओरबाडलेलं, छाटलेलं, काटक्यांसारखं रोप. दीडशे रुपये. मी घुटमळले, तेव्हा त्यांनी नखाने साल किंचित खरवडून दाखवली. आत गर्द हिरवं होतं.

मग नीट समजावलं. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकाला. म्हणून थंडी सरता सरता पानं काढायची, बारीक फांद्या छाटायच्या, आठवडाभर पाणी तोडायचं. "ह्याचं ते सगळं झालंय. आता कुंडीत लावा, मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखत द्या, आणि कडक उन्हात ठेवा." गिऱ्हाइकांची गर्दी असताना पंधरा मिनिटं एका रोपासाठी कोण देतं!

भेंडीचं बी मागितलं तर तेही लगेच देईनात. रात्री गारठा आहे, बी कुजेल, शिवरात्र होऊ द्या म्हणाले. मी तरी हट्टाने एक पाकीट आणलं आणि रात्रभर भिजवून दहा दाणे लावले. उगवले तीन. मामांचंच खरं होतं. उरलेलं बी आता ऊब आल्यावर लावणार आहे.

एक गोष्ट मात्र पटली नाही, ती म्हणजे त्यांची तयार माती. ती घेऊ नका. पोतं उघडलं तर नुसती लाल चिकट माती, पाणी घातलं की वर तळं. पुढच्या खेपेला सांगितलं, तर मालकांनी कुरकुर न करता पोतं बदलून दिलं, पण दुसरंही तसंच निघालं. शेवटी पोयटा (गाळाची माती), शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान घेऊन घरीच कालवलं. गांडूळखत मात्र इथलंच घ्या. भुसभुशीत आहे, आणि हातात घेतलं की पहिल्या पावसासारखा वास येतो.

जायचं तर दहाच्या आत जा. नंतर गाड्यांची रांग लागते आणि मामांना बोलायला सवड नसते. निघताना रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, ओल्या गोणपाटात बांधून मागा, ते आनंदाने देतात. वाटेत माती फुटली की मुळं दुखावतात.

रोप आणून आज चोवीस दिवस झाले. रोज चहाचा कप घेऊन आधी गॅलरीत जाते. काटक्यांच्या प्रत्येक पेरातून पोपटी जोडपानं फुटलीत. आज सकाळी अकरा फुटवे मोजले. त्यांतल्या दोघांच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्या आहेत. ह्यांना हाक मारून दाखवल्या, तर चष्मा आणायला आत गेले.