दूध संकलनासाठी गो, जीआरपीसी आणि प्रोटोबफ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कशासाठी आहे ते आधी सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) काढलं जातं, फोनवरच्या अॅपमध्ये नोंद होते आणि ती सांगलीतल्या सर्व्हरवर येते. अॅप कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत, सर्व्हर गो या भाषेत. दोघांमधले कॉल जीआरपीसीवर (एका यंत्रावरून दुसऱ्यावरचं फंक्शन बोलावायची पद्धत) चालतात आणि मेसेज प्रोटोकॉल बफर्समध्ये, म्हणजे सगळे म्हणतात तसं प्रोटोबफमध्ये, एन्कोड होतात, म्हणजे बाइट्समध्ये बदलतात. गूगलने प्रोटोबफ २००८ मध्ये खुलं केलं आणि जीआरपीसी २०१५ मध्ये, त्यामुळे दोन्ही चांगली मुरलेली आहेत.

आकार आणि वेग या दोन्ही बाबतींत तक्रारीला जागा नाही. सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे. मेसेजमध्ये फक्त क्रमांक आणि किमती जातात. कुठला आकडा कशाचा, हे प्रोटो फाइलीत, म्हणजे मेसेजच्या आराखड्यात, लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांकडची फाइल जुळली नाही किंवा प्रकार चुकीचा निवडला, तर बहुतेक वेळा एरर येतच नाही. डीकोड बिनबोभाट होतं आणि चूक थेट दहा दिवसांच्या बिलात दिसते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या गप्प चुकांबद्दल आहे.

आधी एक नोंद बाइट-बाइट बघू. सभासद क्रमांक ३००, दूध ५ लिटर २०० मिली, फॅट ४.२, एसएनएफ ८.६, दर लिटरला ३४ रुपये, सकाळची वेळ. सगळं पूर्णांकात ठेवलंय: माप मिलीलिटरमध्ये, फॅट आणि एसएनएफ दहापट करून, दर पैशांत. पहिली सहा फील्ड (नोंदीतले रकाने) अशी निघतात:

८ १७२ २
१६ २०८ ४०
२४ ४२
३२ ८६
४० २०० २६
४८ १

प्रत्येक ओळीचा पहिला बाइट म्हणजे फील्ड क्रमांक गुणिले ८, अधिक प्रकाराचा आकडा. साध्या पूर्णांकाचा प्रकार ०, म्हणून १ नंबरच्या फील्डला ८, २ नंबरला १६. पुढे किंमत, सात-सात बिटांच्या गटांत. ३०० म्हणजे २ गुणिले १२८ अधिक ४४. खालचा गट आधी जातो, आणि अजून बाइट यायचाय हे कळावं म्हणून त्यात १२८ मिळवलेले असतात: ४४ चे १७२ होतात, मग २. सातवं फील्ड युनिक्स सेकंदांतली (१ जानेवारी १९७० पासून मोजलेली) वेळ, ते ६ बाइट्स घेतं. एकूण २१ बाइट्स. हीच नोंद जेसन या वाचता येणाऱ्या मजकूर-रूपात, एकही मोकळी जागा न सोडता आणि रोमन लिपीत तीन ते आठ अक्षरांची नावं देऊन, ८४ बाइट्स होते.

१ ते १५ क्रमांकांच्या फील्डला ओळखीचा एकच बाइट लागतो, १६ ते २०४७ ला दोन. प्रत्येक नोंदीत येणारी फील्ड पहिल्या पंधरांत बसवा आणि एखाद-दोन क्रमांक पुढच्यासाठी मोकळे ठेवा.

पण २१ बाइट्स ऐकून एका नोंदीला एक कॉल असं करू नका. जीआरपीसी प्रत्येक मेसेजपुढे ५ बाइट्स लावतं (पहिला कॉम्प्रेस केलंय की नाही ते सांगतो, पुढचे चार लांबी), आणि जीआरपीसी ज्यावरून जातं त्या एचटीटीपी-२ या वेब-प्रोटोकॉलचे हेडर त्याहून वेगळे. नोंदीपेक्षा वेष्टनच जड होतं. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या एका वेळेच्या सगळ्या नोंदी एका मेसेजमध्ये पाठवा. १२० सभासदांचं केंद्र धरलं तर प्रत्येक नोंदीला ओळख आणि लांबीचे दोन बाइट्स जोडून १२० गुणिले २३, म्हणजे २,७६० बाइट्स. जीझिप कॉम्प्रेशन लावायचं तर याच्यावर लावा. सुट्या नोंदीवर लावलं तर जीझिपचं स्वतःचंच १८ बाइट्सचं ओझं वाढतं.

आता पूर्णांकच का, ते. फॅट फ्लोट (दशांश आकड्याच्या) प्रकारात पाठवला तर ४.२ हा आकडा ३२ बिटांत नेमका मावत नाही, तो ४.१९९९९९८ असा साठतो. सर्व्हरने तो ६४ बिटांत घेऊन दहाने गुणला आणि अपूर्णांक टाकला की उरतात ४१. दरपत्रकात ४.२ ऐवजी ४.१ चा रकाना लागतो आणि सभासदाला लिटरमागे कमी पैसे जातात. एन्कोडिंग बरोबर, डीकोडिंग बरोबर, बिल चूक. पैसा, माप आणि फॅट, तिन्ही पूर्णांकातच ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास शून्याचा. प्रोटो-३ या प्रोटो फाइलीच्या मांडणीत साध्या फील्डची किंमत ० असेल तर ते फील्ड पाठवलंच जात नाही; समोरच्याला न आलेलं फील्ड वाचताना ० मिळतो. म्हणजे ‘फॅट शून्य’ आणि ‘फॅट मोजलाच नाही’ यांत फरक उरत नाही. वीज गेली, अॅनालायझर बंद, माप घेतलं आणि फॅट नंतर भरायचा राहिला, की सर्व्हरला ० फॅट दिसतो आणि सभासदाच्या हातात शून्य रुपयांची पावती पडते. उपाय म्हणजे त्या फील्डला ऑप्शनल लावणं. २०२१ च्या ३.१५ आवृत्तीपासून ते प्रोटो-३ मध्ये सरळ चालतं. गोमध्ये मग त्या फील्डचा पॉइंटर (किमतीच्या जागेचा पत्ता) होतो: निल, म्हणजे रिकामा, असेल तर मोजलं नाही, ० असेल तर खरंच ०. मात्र तयार मिळणारं गेट फंक्शन निल असतानाही ० च देतं, त्यामुळे बिलाच्या हिशोबात आधी पॉइंटर तपासा, मग किंमत घ्या. ऑप्शनल लावूनही हिशोबात सगळीकडे गेट वापरलं, तर लावल्याचा काही उपयोग नाही.

ईनमचं (ठरलेल्या पर्यायांच्या यादीचं) दुखणं याच जातीचं. प्रोटो-३ मध्ये पहिली किंमत ० असावीच लागते. तिथे ‘सकाळ’ ठेवली तर वेळ न भरलेली प्रत्येक नोंद सकाळची होते. ० ला ‘नमूद नाही’ ठेवा, १ सकाळ, २ संध्याकाळ, आणि ० आलेली नोंद सर्व्हरने परत पाठवावी.

प्रकार बदलताना फार जपा. ऋण आकडे लागणार असतील, उदाहरणार्थ मापातली दुरुस्ती उणे २०० मिली, तर साध्या इंट-३२ या पूर्णांक प्रकारात तो आकडा पूर्ण १० बाइट्स घेतो. सिंट-३२ मध्ये २ पुरतात, कारण तिथे ऋण-धन आकडे आलटून-पालटून मोजतात: ० चा ०, उणे १ चा १, १ चा २, उणे २ चा ३. हे वाचून कोणी चालू फील्ड इंट-३२ वरून सिंट-३२ केलं तर जुन्या अॅपने पाठवलेला ३४०० पैशांचा दर नव्या सर्व्हरला बरोबर निम्मा, १७००, दिसतो. आणि ३४०१ असेल तर उणे १७०१. पहिल्या बाइटमधला प्रकाराचा आकडा दोन्हींना एकच, ०, त्यामुळे लायब्ररीला संशय यायचं कारणच नाही. इंट-३२ चं इंट-६४ करणं चालतं, सिंट करणं चालत नाही. नवा प्रकार हवा तर नवा क्रमांक घ्या.

केंद्रांवरचे फोन वेळच्या वेळी अपडेट होतील ही आशा सोडा. डेटा बेताचा, फोन कामापुरता. सर्व्हरला एकाच दिवशी तीन-तीन आवृत्त्यांचे मेसेज येतात, हे नेहमीचंच समजून चाला. इथे प्रोटोबफ खरोखर मोलाचं आहे. जुन्या अॅपला नवं फील्ड दिसलं तर ते अडत नाही, आणि सर्व्हरला जुन्या अॅपकडून नवं फील्ड नाही आलं तरी डीकोड होतं. मधे एखादी सेवा मेसेज उघडून पुढे पाठवत असेल तर तिला न कळणारी फील्डसुद्धा जशीच्या तशी पुढे जातात. अट एवढीच की तिने तोच मेसेज पुढे द्यावा. एकेक फील्ड उचलून नवा मेसेज भरला की अनोळखी फील्ड तिथेच गळतात.

मराठी नावांचं आता. स्ट्रिंग (मजकुराचं फील्ड) म्हणजे वैध यूटीएफ-८ (युनिकोड चिन्हं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) हवंच, नाहीतर गोमधलं एन्कोड करणारं मार्शल फंक्शन एरर देतं, आणि या एका बाबतीत ते ओरडतं हे बरंच आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या सभासद याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. त्यांतले बाइट्स वैध यूटीएफ-८ नसले, तर तशाच भरायला गेलात की तिथेच थांबाल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरी जागा म्हणजे पावती. प्रिंटरवर नाव मावत नाही म्हणून गोमध्ये स्ट्रिंग बाइटवर कापली, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्सचं, तर कात्री अक्षराच्या मधोमध बसते. ‘सांगली’ १८ बाइट्सची आहे. १६ वर कापलीत की शेवटचं चिन्ह तुटतं आणि तेच नाव पुन्हा मेसेजमध्ये घातलं की एरर. रून (गोमधलं एकेक युनिकोड चिन्ह) मोजून कापलं तर एरर टळते, पण जोडाक्षर आणि काना-वेलांटी सांभाळायची तर पूर्ण अक्षर ओळखूनच कापावं लागतं.

यातली गप्प चूक कऱ्हाडची. सातारा जिल्ह्यातली केंद्रं जोडलीत की ती भेटते. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिला शब्द १८ बाइट्सचा, दुसरा २१. दोन कीबोर्डांवरून दोन प्रकारे आला की यादीत दोन कऱ्हाड तयार होतात आणि गावनिहाय बेरीज फुटते. प्रोटोबफ यात लक्ष घालत नाही. मेसेज भरण्याआधी गोच्या टेक्स्ट लायब्ररीतलं नॉर्म पॅकेज वापरून सगळी नावं एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या, जोडलेल्या रूपात आणा, म्हणजे ‘ऱ’ एकाच चिन्हाचा होतो.

रेंज नसताना नोंदी फोनवर फाइलीत साठवायच्या असतात. शिराळ्याचा डोंगरी भाग असो की जतच्या वाड्यावस्त्या, ही वेळ रोजचीच. प्रोटोबफ मेसेजला स्वतःचा शेवट नसतो. १२० नोंदी एकामागे एक लिहून फाइल वाचली तर एरर न येता एकच नोंद मिळते, जिच्यात प्रत्येक फील्डची शेवटची किंमत उरलेली असते. ११९ जणांचं दूध गायब. प्रत्येक नोंदीआधी लांबी लिहायलाच हवी. गोमध्ये प्रोटोडेलिम पॅकेज आणि जाव्हा-कोटलिनकडे राइट-डिलिमिटेड-टू हेच करतात, आणि दोघांची मांडणी एकमेकांना वाचता येते.

कॉलला मुदत द्या. गोमधल्या जीआरपीसी क्लायंटला आपणहून मुदत नसते, उत्तर येईपर्यंत तो बसून राहतो. मुदत संपल्याचा निरोप आला म्हणजे सर्व्हरने काम केलं नाही असं मात्र धरू नका. नोंद पोचलेली असते, उत्तर वाटेत हरवलेलं असतं. पुन्हा पाठवली की दूध दुप्पट. सभासद, तारीख आणि वेळ यांवरून दुबार ओळखायला जाऊ नका, कारण एकच सभासद एका वेळेला गाईचं आणि म्हशीचं असं दोनदा घालतो. प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (१६ बाइट्सचा एकमेव ओळख-क्रमांक) दिला तर चालतो, पण बाइट्स म्हणून ठेवला तरी १८ बाइट्स खातो, २१ च्या नोंदीचे ३९ करतो. प्रत्येक फोनचा स्वतःचा चढता अनुक्रमांक ठेवला तर तीन-चार बाइट्समध्ये भागतं, आणि मधला आकडा राहिला तर नोंद हरवल्याचंही कळतं.

आलेल्या मेसेजची कमाल मर्यादा गोमध्ये ४ एमबी आहे, नेमके ४१,९४,३०४ बाइट्स. नोंदींनी ती कधी भरत नाही. पावतीचा फोटो मेसेजमध्ये घातला की लगेच भरते आणि रिसोर्स-एक्झॉस्टेड ही एरर येते. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा फोटो ६४ केबीच्या तुकड्यांनी स्ट्रीममधून पाठवा.

गोच्या बाजूला तीन सवयी लावून घ्या. मेसेजचं स्ट्रक्ट थेट कॉपी करू नका, क्लोन वापरा. तुलना गोच्या रिफ्लेक्ट पॅकेजने न करता प्रोटो-इक्वलने करा. आणि एन्कोड झालेल्या बाइट्सचा हॅश (त्यांवरून निघणारी छोटी खूण) काढून तो ‘नोंद बदलली का’ हे ओळखायला वापरू नका. त्याच मेसेजचे बाइट्स उद्याच्या आवृत्तीत वेगळे येऊ शकतात. मॅप (नाव-किंमत जोड्यांचं फील्ड) असेल तर आजसुद्धा क्रम बदलतो.

ऑफिसच्या ब्राउझर पानासाठी प्रोटोजेसन (प्रोटोबफ मेसेजचं जेसन रूप) वापरलं तर ६४ बिटी पूर्णांक अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून येतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यांची सरळ बेरीज केली की आकडे एकमेकांना चिकटतात. एकाच ऑफिसातलं लहान काम असेल तर प्रोटोबफच्या वाटेला न जाता जेसन-आरपीसी २.० घ्या, मेसेज डोळ्यांनी वाचता येतो हा त्याचा मोठाच फायदा. दोन्ही टोकं गोचीच असतील तर गॉब हे गोचं स्वतःचं एन्कोडिंगही पुरतं, फक्त उद्या फोन जोडायचा ठरलं की ते कामाचं राहत नाही.

एखादा मेसेज संशयास्पद वाटला तर प्रोटो-सी कंपायलरला डीकोड-रॉ पर्याय देऊन बाइट्स त्यात सोडा. प्रोटो फाइल न लागता फील्ड क्रमांक आणि कच्च्या किमती दिसतात, आणि अॅप जुनं की सर्व्हर, हे पाच मिनिटांत कळतं. बफ हे प्रोटो फाइली तपासणारं साधन बिल्डमध्ये लावलंय. जुन्या फाइलीशी न जुळणारा बदल ते मुख्य कोडात विलीन होण्याआधीच अडवतं. काढलेल्या फील्डचा क्रमांक आणि नाव दोन्ही रिझर्व्ह्ड, म्हणजे पुन्हा न वापरायच्या, यादीत टाकतो. ९ वर पूर्वी टँकरचा क्रमांक होता. ज्या फोनांवर जुनं अॅप आहे ते अजूनही रोज ९ मध्ये टँकर पाठवतात, म्हणून फील्ड वाढवायची वेळ आली तेव्हा ९ मोकळा दिसत असूनही नवं फील्ड १० वर गेलं.