माघात लावलेली बाग आखाजीला पाहिली: घरपोच बागकाम-सेवेचा अनुभव

भुसावळमध्ये वसंतासाठी बाग तयार करायची म्हणजे प्रत्यक्षात वैशाखासाठीच करायची असते. माघातली थंडी ओसरते, पळसाला फुले येतात आणि तो बहर डोळे भरून पाहण्याआधीच होळी उलटून दुपारचे ऊन अंगावर येऊ लागते. मे महिन्यात तर पारा 45 अंशांच्या आसपास जाणे इथे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेची, वसंतापूर्वी घरची बाग तयार करून देण्याची सेवा आम्ही यंदा घेतली, तेव्हा तिच्याविषयी मत बनवायचे ते पाडव्याला नव्हे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असे मी आधीच ठरवले होते. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे रोपवाटिकेचे नाव देत नाही. जळगाव, धुळे किंवा अमळनेरला अशी सेवा घेणाऱ्यालाही याच गोष्टी पाहून घ्याव्या लागतील, असे मला वाटते.

आमची बाग दोन जागी आहे. घरापुढे 20 फूट लांब आणि 6 फूट रुंद अशी काळ्या मातीची पट्टी असून तिच्यात मोगऱ्याची दोन जुनी झुडपे, तीन गुलाब, एक जास्वंद, कढीपत्ता आणि कागदी लिंबू आहे. गच्चीवर 34 कुंड्या आहेत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन माळी दोन दिवस आले. छाटणी, मातीची भर, कुंड्या पुन्हा भरणे, ठिबक, शेडनेट आणि हंगामी रोपे मिळून 14,500 रुपये झाले, त्यांपैकी निम्मे आगाऊ द्यावे लागले.

सर्वांत चांगले काम झाले ते मातीचे, आणि त्याचे श्रेय रोपवाटिकेच्या छापील पत्रकापेक्षा वयस्कर माळीदादांना आहे. आल्याबरोबर त्यांनी कात्री काढली नाही. पट्टीच्या मधोमध हातभर खोल खड्डा घेतला, त्यात बादलीभर पाणी ओतले आणि चहा होईपर्यंत ते किती जिरते ते पाहत बसले. पाणी जवळजवळ तसेच होते. “ताई, ही माती पाण्यात फुगते आणि उन्हात फाटते, हिला वाळू नको, खत आणि काडीकचरा हवा,” एवढेच ते म्हणाले. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचे हे दुखणे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण घरच्या बागेत मात्र आपण टोपलीभर वाळू टाकून ती हलकी झाली असे समजतो. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट बसते. माळीदादांनी वीतभर खोलीपर्यंत माती उकरून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत, केळीच्या खुंटांचे जुने कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळली. आमच्या भागात केळीच्या बागा एवढ्या असताना हे कंपोस्ट विकत घेण्याची कल्पना मला कधी सुचली नव्हती, याची थोडी लाजही वाटली.

गुलाब आणि जास्वंदाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या. गेली दोन वर्षे मी ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून आणखी पाणी घालत होते. ही लोहाची कमतरता असते, म्हणजे जमिनीत लोह असते परंतु चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही, आणि बोअरचे जड पाणी त्यात भरच घालते. नुसते हिराकस (फेरस सल्फेट) टाकले तर तेही अशा मातीत लवकर निरुपयोगी होते, म्हणून माळीदादांनी ते ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर झाकून ठेवायला सांगितले आणि नंतर आळ्यात घालायला लावले. मार्चच्या मध्यापर्यंत नवी फूट हिरवी आली. जुनी पिवळी पाने मात्र तशीच राहिली.

छाटणीविषयी माझी काही तक्रार नाही. मोगऱ्याचे पाणी त्यांनी फोनवरूनच आठ-दहा दिवस आधी बंद करायला लावले होते. आल्यावर जुनी पाने काढली, झुडपे निम्म्यावर आणली, बुंध्याभोवतीची माती सैल करून खत दिले आणि मग भरपूर पाणी सोडले. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, त्यामुळे हा ताण आणि ही छाटणी जितकी नेटकी, तितका बहर दाट. आमच्याकडे पाडव्याच्या सुमारास पहिल्या कळ्या आल्या आणि चैत्रात रोज ओंजळभर फुले मिळत होती. गुलाबाला मात्र हलकीच कात्री लावली, कारण मोठी छाटणी पावसाळ्यानंतर करायची असते आणि आता फांद्या उघड्या पाडल्या तर पुढच्या उन्हात त्यांची साल भाजते. लिंबाला आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारी, फुले लागली होती, म्हणून कलमाच्या जोडाखालून फुटलेले धुमारे आणि वाळलेल्या काड्या एवढेच काढले. बोटाएवढ्या जाड कापांवर 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी या प्रमाणातली बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. ती प्लास्टिकच्या भांड्यात कालवावी, धातूच्या भांड्यात नाही, हेही बजावले. घराघरांतून कात्री घेऊन फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत असते, अशी शंका मला आहे.

आता गच्ची. जमिनीवरचे काम माळीदादांच्या अनुभवावर झाले आणि गच्चीवरचे काम कुठल्या तरी दमट, सौम्य हवेच्या शहरासाठी आखलेल्या नमुन्यावर झाले, एवढा फरक दोन्हींत आहे.

कुंड्या भरण्यासाठी रोपवाटिकेने स्वतःचे तयार मिश्रण आणले होते, ज्यात निम्म्याहून अधिक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होते. कोकोपीट हलके असते, पाणी धरून ठेवते, गच्चीवर भार येत नाही, हे सर्व खरे आहे. तथापि आमच्याकडच्या कोरड्या वाऱ्यात ते एकदा पूर्ण वाळले की पाणी चटकन शोषत नाही; वरून घातलेले पाणी मिश्रण आणि कुंडी यांच्यातल्या फटीतून उतरून खालच्या भोकातून निघून जाते आणि आपल्याला वाटते, कुंडी भिजली. एप्रिलमध्ये या कुंड्यांना दिवसातून दोनदा पाणी देऊनही मधला गोळा कोरडाच निघत होता. शिवाय ते कोकोपीट वापरण्यापूर्वी धुतलेले नसावे, कारण काही दिवसांतच कुंड्यांच्या कडेला पांढरा थर आला आणि पानांची टोके करपली. मिश्रण कमी पडल्यामुळे शेवटच्या नऊ कुंड्यांत मी तलावातली गाळाची माती, शेणखत आणि थोडेसे तेच कोकोपीट असे समप्रमाणात भरले होते. त्या नऊ कुंड्या जड झाल्या, हलवताना कंबर धरते, पण त्यांतले एकही झाड गेले नाही.

ठिबकाची गोष्ट याहून खेदाची आहे, कारण ठिबक म्हणजे काय हे जळगाव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. 16 मिमीची लॅटरल, म्हणजे ठिबकाची नळी, गच्चीभर फिरवून प्रत्येक कुंडीला तासाला 4 लिटर देणारा एक ड्रिपर बसवला आणि ती पाण्याच्या टाकीला जोडून दिली. टाकीचा तळ गच्चीपासून जेमतेम पाच फूट उंच आहे. ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह साधारण दहा मीटर उंचीवरून पाणी पडताना जेवढा दाब मिळतो, त्या दाबासाठी असतो. आमच्याकडे मिळत होता दीड मीटरचा. पंधरा दिवसांनी टोकाच्या कुंड्या माना टाकू लागल्या, तेव्हा मी मोजमापाचा पेला घेऊन बसले. पंधरा मिनिटांत एक लिटर यायला हवे होते, तिथे पहिल्या ड्रिपरखाली 400 मिली आणि शेवटच्याखाली 150 मिली जमले. फोन केल्यावर आधी “फिल्टर धुवा” असे उत्तर मिळाले. फिल्टर स्वच्छच होता. तिसऱ्या फोननंतर माणूस आला, त्याने लॅटरलचे दोन भाग करून दोन्हींना टाकीतून वेगळे पाणी दिले, आणि ड्रिपर काढून 4 मिमीच्या उघड्या नळ्या लावल्या. कमी दाबावर या नळ्या बऱ्या चालतात, कुंडीगणिक लांबी कमी-जास्त करून पाणी सारखे करता येते आणि क्षारांनी बुजल्या तर तारेने मोकळ्या करता येतात. दुरुस्तीचे 900 रुपये मात्र आमच्याकडूनच घेतले, हे मला अजूनही पटलेले नाही. ज्यांना गच्चीवर ठिबक करून घ्यायचे आहे, त्यांनी टाकीची उंची आधी मोजायला लावावी आणि पैसे देण्यापूर्वी पहिल्या व शेवटच्या कुंडीखाली भांडे ठेवून पाहावे.

हंगामी रोपांत पेटुनिया, डेलिया आणि साल्व्हिया देण्यात आली. ती फुललेलीच आली होती, घर दोन-तीन आठवडे खरोखर सुंदर दिसले, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सगळी उपटून टाकावी लागली. ही हिवाळ्यातली फुले आहेत. त्यांच्या बहराच्या शेवटच्या टप्प्यावर ती ‘वसंताची’ म्हणून विकणे अप्रामाणिक नसले तरी सोयीस्कर आहे. त्यांच्या जागी सदाफुली, झिनिया, बटणफूल आणि ऑफिस टाइम मी स्वतः आणून लावले. भरताच्या हिरव्या वांग्याची रोपेही पुढे केली होती, ती मी नाकारली. भरीत म्हटले की आमचा जीव वितळतो हे विक्रेत्याला चांगले ठाऊक असावे, पण त्या वांग्याची खरी चव थंडीतलीच, आणि माघात लावलेले रोप फळावर येईपर्यंत उन्हाचा कहर झालेला असतो. याउलट त्यांनी दिलेले भेंडी, गवार आणि चवळीचे बी उत्तम निघाले. थंडी पुरती गेल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यानंतर, रात्रभर भिजवून लावलेली भेंडी दीड महिन्यात तोडणीला आली.

शेडनेट 50 टक्के सावलीची, शिवण मजबूत, दोऱ्या चांगल्या. फक्त ती साडेपाच फुटांवर बांधली होती, त्यामुळे खाली गरम हवा कोंडून राही आणि पानांच्या मागे लाल कोळी ही कीड दिसू लागली. आम्ही बांबू बदलून ती आठ फुटांवर नेली, पश्चिमेची बाजू तेवढी खाली सोडली. एप्रिलच्या वावटळीत एक कोपरा सुटला, त्यात त्यांचा दोष नाही.

आखाजीच्या दिवशी मोजले तेव्हा पट्टीतले प्रत्येक झाड उभे होते आणि मोगऱ्याचा दुसरा बहर सुरू होता; गच्चीवर कोकोपीटच्या 25 कुंड्यांपैकी 11 रिकाम्या झाल्या होत्या. मालकांना हे आकडे आणि पेल्याने मोजलेले पाणी असे दोन्ही लिहून पाठवले. त्यांनी पुढच्या वर्षी मिश्रण बदलण्याचे कबूल केले आहे, 900 रुपयांविषयी काही लिहिलेले नाही. छाटणी आणि मातीचे काम वेगळे घेतले तर 4,000 रुपयांत होते असे चौकशीअंती कळले, आणि तेवढेच काम मी त्याच माळीदादांकडे पौष संपण्यापूर्वी नोंदवून ठेवणार आहे, कारण माघ लागला की त्यांची तारीख मिळत नाही.