लालबाग की शिबपूर?

कापसाचे चुकारे हाती आले की आमच्या गावातली काही घरं लांबच्या सहलीला निघतात. यंदा दोघांनी विचारलं, बंगळूरूची लालबाग पाहावी की हावड्याची शिबपूरची वनस्पती बाग? दोन्हीकडे मायला घेऊन जाऊन आलो, म्हणून सांगतो.

लालबाग देखणी आहे, यात वाद नाही. हैदर अलीनं १७६० मध्ये सुरू केली, टिपूनं वाढवली. काचघराचा पाया १८८९ चा. आतला खडक तर सुमारे ३०० कोटी वर्षांचा, त्याच्यावर बंगळूरू वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज. मेट्रो जवळपर्यंत जाते, म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय होते.

आम्ही गेलो प्रजासत्ताक दिनाच्या पुष्पप्रदर्शनात, मुद्दाम तीच वेळ साधून. काचघरात रांग सारखी पुढे सरकत होती. माय फुलं पाहायला वाकली की मागचा माणूस पाठीला रेटा देई. समोर सगळे मोबाईल धरलेले हात. दोन तासांत एकही फूल तिला धड पाहता आलं नाही. घरी शेजारणीनं विचारलं, काय पाहिलं? म्हणाली, "मानसायच्या पाठी." ते मला अजून लागतं.

शिबपूरची बाग १७८७ ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल किडनं हुगळीकाठी वसवलेली, २७३ एकरांची. पुढं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं इथंच राहून हिंदुस्थानातल्या झाडाझुडपांची नोंद केली. पण खरं पाहायचं ते वडाचं झाड. वय अडीचशे वर्षांच्या वर. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मोडलं, बुरशी लागली, शेवटी १९२५ मध्ये मूळ खोड काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते हजारो पारंब्यांवर उभं आहे आणि अजून पसरतंय. मायला हे सांगितलं तर ती थबकली. "खोडच नाही, मंग सूत कोनाले गुंडाळू?" मग पदर खोचून तिनं कुंपणाबाहेरून अख्ख्या झाडाला फेरी घातली. गावात वटपौर्णिमेला सात घालते. इथं एकीतच पाय भरून आले. नंतर तासभर बसून राहिली. कुणी उठवलं नाही.

हावडा स्टेशनपासून बागेपर्यंतचा रस्ता गर्दीचा आहे, हवा दमट आहे, आणि २०२० च्या अम्फान वादळात तिथली पुष्कळ झाडं पडली, हेही खरं. नुसती फुलं हवी असतील तर लालबागच बरी, फक्त प्रदर्शनाचे दिवस टाळून सकाळी जा. पण घरात वडाला सूत गुंडाळणारं कुणी असेल, तर माझ्या मते हावड्याचं तिकीट काढावं. गाडी वर्ध्यालाच मिळते.