ड्राय फ्लाय तरंगती ठेवायला जेल घ्यावं की पावडर?

दसरा झाला की हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला निघालेल्या एका मित्राने परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता विचारलं, "भावा, जेल घेऊ का पावडर? एकच काय ते सांग." एकच सांगायचं तर पावडर. पण त्याने 'का?' विचारलं आणि भेळ मऊ पडली.

पंचगंगेवर आपण गळ खाली जावा म्हणून दोरीला शिसं बांधतो. ट्राउटच्या ड्राय फ्लायचं, म्हणजे गळाला बांधायच्या तरंगत्या खोट्या माशीचं, उलटं आहे. आकड्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळलेलं असतं, त्याचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर पाय रोवून उभे राहतात आणि लोखंडाचा आकडा त्यांच्या जिवावर वर राहतो. तंतूंमध्ये आणि अंगावरच्या लोकरीत पाणी शिरलं की माशी आधी कलते, मग बसते, मग बुडते. आणि ट्राउट वर तरंगणारे किडे टिपत असेल तर बुडालेल्या माशीकडे ती सहसा ढुंकून बघत नाही.

जेल म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉनचा मलम. मोहरीएवढा थेंब बोटांवर घ्यायचा, पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चोळायचा आणि मगच माशीला लावायचा. नीट लावलं तर अळवावरचं पाणी. पण अट एकच, माशी कोरडी हवी. ओल्या माशीला जेल लावणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट मारणं, आतलं पाणी आतच कोंडतं. मी गच्चीवर बादलीत करून बघितलंय. ॲडम्स नावाच्या एकसारख्या दोन माशा घेतल्या, एक कोरडी असताना माखली, दुसरी भिजवून माखली. पहिली बादलीत फिरत राहिली. दुसरी वरून चकचकीत दिसत होती, आणि बादलीला टिचकी मारल्याबरोबर शेपटीकडून खाली गेली. नदीवर नेमकं हेच होतं, कारण जेलची आठवण आपल्याला माशी बुडायला लागल्यावरच येते.

दुसरी अडचण हवेची. कोल्हापूरच्या मे महिन्यात शर्टाच्या खिशात ठेवलेली माझी बाटली झाकणातून पाझरली, शर्ट वाया गेला. तीच बाटली ऑक्टोबरातल्या सकाळी नदीकाठी थंडीतल्या खोबरेल तेलासारखी थिजली, काखेत धरून ऊब द्यावी लागली. जास्त लावलं तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि माशीभोवती तेलाचा तवंग पसरतो, तो वेगळाच.

सीडीसीच्या माशीला तर नेहमीचं जेल नकोच. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची मऊ पिसं म्हणजे सीडीसी. बदक त्याच तेलाने अंग माखतं, म्हणून सगळे श्रेय तेलाला देतात. रंगवताना ते तेल बरंचसं धुऊन जातं, तरी ही पिसं तरंगतात, कारण त्यांच्या बारीक वळणदार तंतूंमध्ये हवा अडकते. जेल लावलं की हे तंतू तेल थापून चापून बसवलेल्या केसांसारखे होतात. हवा गेली, माशी गेली.

पावडर दोन तऱ्हेची मिळते. एक अगदी हलकी पांढरी भुकटी, झाकणातल्या ब्रशने तंतूंमध्ये भरायची. ही सिलिकाचीच, पण पाणी झटकेल अशी प्रक्रिया केलेली. दुसरीत पाणी शोषणारे दाणे आणि भुकटी एकत्र असतात. माशी दोरीला बांधलेली असतानाच बाटलीत घालायची, झाकण मिटायचं, हलवायचं. पहिली सीडीसीला उत्तम, दुसरी घाईत सोयीची. माशी बाहेर येते तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. एक फुंकर आणि हवेतच एक-दोन फेऱ्या, पुरे. वाऱ्यात मात्र अर्धी भुकटी उडते, आणि ती नाकात जाऊ द्यायची नाही.

मासा लागल्यावर थेट पावडरीत घातलीत तर पावडरही हरते. तोंडातला बुळबुळीतपणा माशीला चिकटलेला असतो. आधी नदीतच खळखळून धुवायची, मग टिपायची. परदेशात यासाठी झाडावरच्या अळंबीपासून केलेला अमादू नावाचा टीपकागदासारखा तुकडा वापरतात. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओट्झीजवळही ही अळंबी होती, बहुधा विस्तव पेटवायला. आपला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा जवळपास तेच काम करतो. मी त्याचा तळहाताएवढा तुकडा कमरेला अडकवतो. शिवाय रबरबँडची युक्ती: एक टोक जाळ्याच्या मुठीला, दुसऱ्यात आकडा, ताणून तारेसारखं छेडायचं. बारीक तुषार उडताना दिसतात.

जेलचा खरा प्रतिस्पर्धी पावडर नाहीच, घरी लावायचं द्रव आहे. माशा त्यात बुडवायच्या आणि रात्रभर वाळवायच्या. द्रावक उडून जातो, पाणी झटकणारा थर तंतूंवर राहतो आणि पुष्कळ टिकतो. धनगराची घोंगडी पावसाला दाद देत नाही ती लोकरीतल्या चिकट मेणामुळे, तसलाच प्रकार. निघायच्या आदल्या रात्री मात्र करू नका, दोन दिवस हातात ठेवा. बाटली घरीच राहू दे. द्रावक पेट घेणारा असू शकतो, आणि नदीवर तिचा उपयोग नाही.

घरगुती जुगाडांत व्हॅसलीन चालतं, पण बारीक माशीचा लगदा करतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका पुडी पाणी शोषते, पण माशीला पाणी झटकायला शिकवत नाही. पंच्यानंतर वापरायला ठीक. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. फोमच्या माशीला यातलं काहीच लागत नाही. दिसायला ती ढोबळ असते, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने दोन ठेवाव्यात.

मित्राची यादी शेवटी अशी झाली: साध्या पिसांच्या माशा घरी द्रवात, खिशात ब्रशची पावडर, कमरेला पंचा. जेल त्याच्याकडे आधीच आहे म्हणे, तर पहाटे पहिली माशी बांधताना वापरावं, नंतर बाटली बाहेर काढू नये. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, म्हणून दसऱ्यानंतर रेंगाळायचं नाही. आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. त्या दिवसांत बसची जागा आधीच बघून ठेव, एवढं त्याला दोनदा सांगितलंय.